गंठण मोडायच्या आधी

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ३२ वर्षांच्या आहेत. पती सैन्यात नाईक, ११ वर्षांची नोकरी, सध्या फील्डमध्ये, म्हणजे जिथे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी. दोन मुलांच्या शाळेसाठी त्या जुळे सोलापुरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतात. सासू-सासरे आणि दीर मंगळवेढ्याकडच्या गावी. दरमहा खात्यावर ४६,००० रुपये येतात, पण नणंदेच्या लग्नाचा बँकेचा हप्ता, गावाकडचे पैसे, भाडं, शाळा जाऊन घरखर्चाला काही राहत नाही. चौदा महिन्यांपूर्वी सासूबाईंच्या ऑपरेशनला कमी पडले म्हणून त्यांनी पतीला न सांगता ओळखीच्या एकाकडून ६०,००० घेतले, महिना पाच टक्क्यांनी. त्याच्याकडे त्यांचा सही केलेला कोरा चेक आणि कोरा स्टॅम्प पेपर आहे. आता तो "युनिटला पत्र घालतो, पगारातून कापून घेतो" म्हणतो. पती महिन्याभरात सुट्टीवर येतील. त्याआधी गुपचूप गंठण मोडून हे मिटवावं का, आणि शिलाईच्या कामाला जावं का, असं त्या विचारतात.

ताई,

तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने केलेली एक बेरीज आहे. खोडलीय, पण वाचता येते. मी पत्राआधी तीच वाचली. बँकेचा हप्ता १३,५००. गावाकडे १०,०००. भाडं ६,५००. शाळा आणि रिक्षा ४,५००. गाडीचा हप्ता ३,२००. साहेबांना तिकडे हातखर्चाला ४,०००. झाले ४१,७००. उरले ४,३००, त्यातले ३,००० सावकाराला. म्हणजे तेराशे रुपयांत तिघांचा किराणा, गॅस, वीज आणि पोराचा खोकला. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण ती असणारच.

पत्रात तुम्ही तीन वेळा म्हणता, "मला हिशोब जमत नाही." बेरीज मी दोनदा तपासली. बरोबर आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण इथे अंथरूण एक आणि पाय चौदा, तर तुम्ही एकट्याने आखडून काय होणार?

माझे वडील हवालदार होते. तेव्हा मनीऑर्डर यायची आणि पोस्टमन वेशीजवळच्या पारावर बसून नाव आणि रक्कम मोठ्याने वाचायचा. आईच्या हातात नोटा पडायच्या आत तिघं जण 'जरा नड हाय बगा' म्हणत दारात उभे. आता मनीऑर्डर गेली, पण गावाला पगाराचा दिवस अजून पाठ असतो. 'फौजीचं घर, तिला काय कमी' हे वाक्य तुम्हाला टोमण्यासारखं लागतं. मला ते पावतीपुस्तकासारखं वाटतं. लग्न, बोअर, जत्रेची वर्गणी, सगळं त्यावर फाडलं जातं. आणि आपणही ते खोडून काढत नाही, कारण आतून ते थोडं आवडतं. माझ्या आईलाही आवडायचं.

आता सावकार. साठ हजारांवर महिना तीन हजार, चौदा महिने, म्हणजे ४२,००० तुम्ही देऊन बसलात आणि मुद्दल जागचं हललं नाही. आपल्याकडे 'पाच टक्क्यांनी' म्हणजे महिन्याला पाच हे सगळ्यांना माहीत असतं, पण वर्षाचे ६० टक्के असं कोणी तोंडाने म्हणत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून, काही तारण नसताना, वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्या दराने तुमचं महिन्याचं व्याज ९०० होतं, चौदा महिन्यांचं १२,६००. तुम्ही त्याच्या तिपटीहून जास्त दिलंय. आणि हा माणूस परवानाधारक नसणार, कारण परवानाधारकाला पावती द्यावी लागते. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोऱ्या कागदावर सही घेणं हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.

तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. तेच सावकारांचे जिल्हा निबंधक असतात. तालुक्याला सहायक निबंधक असतात. व्याज त्याच्या मुलाच्या नंबरवर फोनपेने जायचं असं तुम्ही लिहिलंय, हे तुमचं नशीब. चौदा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढा, त्या ओळींवर खुणा करा. चेकचा नंबर चेकबुकाच्या अर्धुकावर असेल, तो लिहून ठेवा. हे तातडीचं आहे, कारण चेक तुमच्या खात्याचा आहे. उद्या त्याने दोन लाख लिहून तो बँकेत टाकला आणि परत आला, तर नोटीस तुमच्या नावाने येईल, साहेबांच्या नाही. 'कोरा चेक त्याच्याकडे आहे' हे त्याआधी सरकारी दप्तरी लिहिलेलं असणं आणि नंतर सांगणं, यात फार फरक आहे. तोवर त्याच्यासमोर नवीन कशावरही सही करू नका आणि रोख एक रुपया देऊ नका.

युनिटला पत्र घालून पगार कापून घेण्याची धमकी तेवढी पोकळ आहे. सेना अधिनियम, १९५० च्या कलम २८ प्रमाणे दिवाणी कोर्टालाही हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी सैनिकाचा पगार आणि भत्ते जप्त करता येत नाहीत. कलम २९ म्हणतं, सैन्यात असेपर्यंत कर्जापायी त्याला अटक करता येत नाही. जे कोर्टाला जमत नाही ते या माणसाच्या पत्राने कुठून जमणार? मात्र याचा अर्थ मुद्दल बुडवा असा नाही. तुम्ही घेतलेले पैसे तुम्ही द्यायचेच आहात, फक्त कायद्यात बसतील तेवढे.

पण पत्र जाऊ शकतं. पगार कापला जाणार नाही, पण पत्र क्लार्कच्या टेबलावर पडेल, तिथून सुभेदार साहेबांकडे, आणि मग तुमच्या नवऱ्याला बोलावून विचारलं जाईल, "घरी काय चाललंय?" त्याला ते तिसऱ्याच्या तोंडून कळेल. तुम्ही लिहिता, "तिकडे हातात बंदूक असताना त्यांच्या डोक्याला ताप कशाला द्यायचा." ही काळजी मी हसण्यावारी नेणार नाही, घरच्या कटकटी पोस्टवर किती जड होतात हे मी घरातच पाहिलंय. फक्त तुम्ही धरून चालला आहात की तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना ताप नाही. फोनवर ते हल्ली खर्चाचं विचारतच नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. जो माणूस पूर्वी गॅसची टाकी कधी आणली तेही विचारायचा, तो विचारायचा थांबला, याचा अर्थ त्याला काही माहीत नाही, की विचारायची भीती वाटते?

झाकली मूठ सव्वा लाखाची, खरं आहे. पण तुमच्या दोघांच्या मुठी एकमेकांसमोरच झाकलेल्या आहेत.

सांगायचं ठरलं तर कधी? पहिल्यांदा माझ्या मनात आलं, सुट्टीवर आल्यावर, समोरासमोर. मग विचार बदलला. पुढे जे करायचंय त्यातलं बरंचसं युनिटमधून, त्यांच्या सहीने होतं. काही न कळता ते सुट्टीवर आले, तर सुट्टी जाईल, परत हजर होतील, मग अर्ज, आणि तोवर आणखी तीन-चार व्याजं. म्हणून निघायच्या आठ-दहा दिवस आधी फोनवर सांगा. ड्युटी नसलेल्या वेळी, दिवसा, आधी मेसेज टाकून की अर्धा तास निवांत हवाय. पहिलं वाक्य आकड्याचं असू द्या: "आईंच्या ऑपरेशनला साठ हजार कमी पडले होते, ते मी व्याजाने घेतले, बेचाळीस फेडले." चुकलं, माफ करा, हे नंतर. आधी रडू आलं तर त्यांना वाटेल आई गेल्या.

आता त्यांच्या सहीने काय काय उघडतं ते सांगते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण असाच पगार असलेल्या बऱ्याच घरांत हे कोणी बसून पाहिलेलं नसतं.

पहिलं पगारपत्रक. ते हमराज या सैन्याच्या ॲपवर त्यांना दिसतं, त्याचा फोटो मागवा. नाईकचं मूळ वेतन लेव्हल ४ मध्ये २५,५०० पासून सुरू होतं, वर्षाला ३ टक्के वाढतं, वर ५,२०० मिलिटरी सर्व्हिस पे, आणि दोन्हींवर महागाई भत्ता. ११ वर्षांच्या नोकरीला हे धरलं तर तुमच्या ४६,००० पेक्षा वरची रक्कम निघायला हवी. लगेच संशय घेऊ नका. ग्रुप इन्शुरन्स कापला जातो, आणि पीएफ कापला जातो. पीएफ किमान ६ टक्के असतो, पण पुष्कळ जवान तो मुद्दाम वाढवून ठेवतात, कारण हातात आलं की गाव मागतं. तुमचे साहेबही तसंच करत असतील. ११ वर्षांत तिथे चांगली रक्कम साठली असेल. त्यावर गेली काही वर्षं ७.१ टक्के व्याज मिळतंय. एकाच घराचे पैसे एकीकडे सातने वाढतायत आणि दुसरीकडे साठने गळतायत, मध्ये फक्त दोन माणसांची चुप्पी. पीएफमधून उचल घ्यायचा अर्ज युनिटमार्फत होतो.

दुसरं, मुलांचा शिक्षण भत्ता. दोन मुलांपर्यंत, बारावीपर्यंत, जानेवारी २०२४ पासून एका मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे. वर्षाचे ३३,७५०, दोघांचे मिळून ६७,५००. फी कितीही असो, रक्कम तेवढीच. शैक्षणिक वर्ष संपल्यावर मुख्याध्यापकांचा दाखला जोडून मागावा लागतो आणि पैसे एकरकमी येतात. तुम्ही लिहिता, शाळेतून दाखला आणायला तुम्हाला कधी कोणी सांगितलंच नाही. ताई, मग हा पैसा मागितलाच गेला नसण्याची शक्यता आहे. सावकाराच्या साठ हजारांपेक्षा ही रक्कम मोठी आहे. त्यांना नुसतं विचारा, "पोरांचा शिक्षण भत्ता शेवटचा कधी आला?" आला असेल आणि बोअरमध्ये गेला असेल तर तेही कळेल. नसेल आला तर उद्याच शाळेत जा.

तिसरं, घरभाडं. जवान फील्डमध्ये असताना कुटुंब जिथे राहायचं ठरवतं त्या ठिकाणाच्या दराने भत्ता मिळू शकतो, त्यासाठी तशी नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे जवानाच्या घरच्या नोंदींसाठी युनिट काढतं त्या आदेशाने, व्हावी लागते. सोलापूर शहर घरभाडे भत्त्याच्या 'वाय' वर्गात आहे, तिथे दर मूळ वेतनाच्या २० टक्के. कुटुंब कागदावर गावाकडे आणि प्रत्यक्षात शहरात, असं असेल तर दर निम्म्यावर येतो. पगारपत्रकातल्या त्या ओळीवर बोट ठेवून विचारा.

आणि सासूबाईंचं नाव अवलंबित म्हणून नोंदलंय का? उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असतील तर त्यांच्यावर लष्करी रुग्णालयात उपचार होतात. पुण्याचं कमांड हॉस्पिटल लांब आहे, मान्य. पण ठरवून करायच्या ऑपरेशनला अडीचशे किलोमीटर जास्त नाहीत. झालेल्या खर्चाचं आता काही करता येणार नाही, पण त्यांचा दुसरा गुडघा अजून बाकी आहे, असं तुम्हीच लिहिता.

या सगळ्याने साहेबांचं रेकॉर्ड खराब होईल का? स्वतःहून अर्जी रिपोर्टला, म्हणजे अर्ज घेऊन अधिकाऱ्यांसमोर, उभं राहून 'घरी अशी अडचण आहे' सांगणारा जवान आणि ज्याच्याबद्दल बाहेरून तक्रार आली तो जवान, दोघांकडे सारख्या नजरेने पाहत नाहीत. सावकार फारच उठला तर युनिटमधून जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना पत्र येऊ शकतं, आणि त्या पत्राची दखल घेतली जाते. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तुम्ही एकट्याही जाऊ शकता. ते फक्त पेन्शनरांचं ऑफिस आहे असा समज आहे. तसं नाही. ओळखपत्राची झेरॉक्स आणि पतीचा नंबर, रँक, युनिट एका कागदावर लिहून न्या.

मग गंठण. मोडू नका. गरज लागलीच तर बँकेत तारण ठेवा, त्याचं व्याज तुमच्या सावकाराच्या जवळपासही येत नाही, आणि आजच्या भावात साठ हजारांना सगळं गंठण लागतही नाही. हिशोबाने हा मार्ग चांगलाच आहे. पीएफचे पैसे यायला वेळ लागला तर मधल्या काळाला तोच योग्य. पण गुपचूप नको. सुट्टीवर आलेला नवरा पहिल्याच संध्याकाळी गळ्याकडे बघेल आणि मग तुम्ही आणखी एक गोष्ट रचाल, हरवलं म्हणाल, पॉलिशला दिलंय म्हणाल. शेजारणीने सुचवलेलं महिला गटाचं मायक्रोफायनान्स कर्ज मात्र अजिबात नको. आठवड्याचा हप्ता आणि इतर बायकांची जामिनकी तुमच्या १,३०० रुपयांत कुठे बसवणार?

गावाकडचे दहा हजार हा खरा अवघड भाग आहे. तिथे मला तुमच्याइतकंच सासूबाईंचंही पटतं. मुलगा कमावता झाला की आईबापाला द्यावं, यात चूक काय? पण दहा हा आकडा कुणी ठरवला? नाईक व्हायच्या आधी, लग्नाचा हप्ता सुरू व्हायच्या आधी, तुम्ही सगळे एकाच घरात असताना तो ठरला असेल. तेव्हा भाड्याचे ६,५०० नव्हते. लग्न नणंदेचं झालं, म्हणजे घराचं झालं, मग हप्ता एकट्याच्या पगारातून का? दीर शेती पाहतो, ज्वारी-तुरीचे पैसे येतात तेव्हा त्यातून हप्त्याला काही येतं का? हे तुम्ही विचारायचं नाही. तुम्ही विचारलंत की सून आली आणि पोरगं तोडलं, हे ठरलेलं. हे त्यांनी सुट्टीत, वडिलांसमोर बसून विचारायचं. बंद करायला सांगू नका, पाच-सहावर आणा आणि बी-बियाण्याला, औषधाला लागतील तेव्हा वेगळे द्या. सासूबाईंना ऑपरेशनच्या कर्जाचं कळू द्या. त्यांच्यासाठीच काढलं होतंत, इतके दिवस त्यांनाच लपवलंत. कदाचित त्याच म्हणतील, पुढचे दोन महिने काही पाठवू नको. आमच्याकडे आजी असंच म्हणाली होती, आणि वर आईला चार दिवस बोलली नव्हती.

शिलाईचं विचारता. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवून देशभर जातात, पिको-फॉलपासून शर्टाच्या कॉलरपर्यंत घरी बसून करायचं काम मिळतं. 'फौजीच्या बायकोनं दुसऱ्याच्या शिलाया माराव्या का' असं सासूबाई म्हणतात. साहेब स्वतः युनिफॉर्म घालूनच कमावतात, तुम्ही युनिफॉर्म शिवून कमवा. मात्र आधी नगामागचा दर विचारून घ्या, मशीन हप्त्याने घेऊ नका, भाड्याने मिळालं तर बघा.

तुमच्यासारख्या आणखी काही बायकांची पत्रं येतात, आणि अलीकडे अग्निवीरांच्या आयांची. त्यांच्यासाठी इथेच दोन वाक्यं. पहिल्या वर्षी ३०,००० लिहिलेले असले तरी ३० टक्के सेवा निधीला, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या ठेवीला, जाऊन हातात २१,००० येतात, चौथ्या वर्षी ४०,००० मधले २८,०००. चार वर्षांनी येणाऱ्या सेवा निधीच्या भरवशावर आज स्लॅब टाकू नका, कुणाला शब्द देऊ नका. पेन्शन नाही, आणि चारातला एकच पुढे कायम होतो. तो पैसा पोराच्या पुढच्या सुरुवातीचा आहे.

तुमच्या पत्रातली एक ओळ राहिलीच. शेजारच्या दोन-तीन बायका दर महिन्याला सैनिकी कॅन्टीनच्या स्वस्त मालाची यादी देतात, मिक्सर, साबण, तेल, आणि एकीच्या नवऱ्याची बाटलीही. पैसे तुम्ही आधी भरता, त्या पंधरा दिवसांनी देतात. कॅन्टीनचा माल बाहेरच्यांना द्यायचा नसतो, हे एक. आणि तेराशे रुपयांत जगणारी बाई अख्ख्या गल्लीला बिनव्याजी उधार देते, हे दुसरं. येत्या महिन्यात यादी आली की सांगा, कार्ड साहेबांनी मागवून घेतलंय. आणि खरंच मागवून घ्यायला सांगा, म्हणजे खोटंही बोलावं लागणार नाही.